गोळी देऊनही जंत परत का येतात?

खडूवाली | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जेवत असाल तर नंतर वाचा.

जव्हारच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची आमची दोनशिक्षकी शाळा आहे. पट ४३. परवा १० तारखेला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला. खिचडी झाल्यावर आशाताईंच्या समोर प्रत्येकाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली. चावून खायला लावली, वर "जीभ काढ, गाल फुगव" करून तपासलं, कारण आमची कार्टी गोळी गालात दडवून खिडकीबाहेर थुंकण्यात पटाईत आहेत. रजिस्टर भरलं, फोटो ग्रुपवर टाकला, संपलं.

काल सकाळी दुसरीतल्या एका मुलीची आई आली. हातात बिस्किटाच्या पुड्याचा कागद. माझ्या टेबलावर, हजेरीपटाच्या शेजारी ठेवून तिने तो उलगडला. आत वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता जंत. गांडुळासारखाच, पण अंगाला वळ्या नाहीत, अगदी गुळगुळीत. "बाई, तुमच्या गोळीनं हे झालं."

मी समजावलं, की गोळीने झाला नाही, आधीच होता, गोळीने पडला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पावसात पण दिलेली ना गोळी? तेव्हा पण पडलेले. मग हे परत आले कुठून?"

मला उत्तर देता आलं नाही. वर्षातून दोनदा गोळी, विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर, कागदावर घरोघरी शौचालय. मग चुकतंय कुठे?

टवाळ कार्टं | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५२

धागा उघडला तेव्हा हातात शेवयांची खीर होती. होती.

ताकभात | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५८

अहो बाई, "जेवत असाल तर" हे शीर्षकात लिहायचं असतं!

आज्जी ऑनलाइन | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आमच्या वेळी गोळ्या नव्हत्या. तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी, मोठ्यांना किरमाणी ओवा गुळातून, वर कडूजहर कारल्याचा रस. मूल रात्री दात खाऊ लागलं की सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी कारलं किसायलाच बसायच्या. आणि गूळ-साखर बंद. गोडाने जंत होतात हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सूक्ष्मदर्शी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी शौचाचे नमुने बघण्यात गेली असतील, त्यामुळे या धाग्यावर मला मोकळेपणाने जेवता येतं.

आज्जी, आधी तुमची माफी मागतो. गोडाने जंत होत नाहीत. दात खाण्याचा आणि जंतांचाही संबंध दाखवता येत नाही. गालावरचे पांढरट चट्टे बघूनही लोक जंतांचं औषध मागायला येतात. ते बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात.

आता बाईंचा प्रश्न. तुमच्या टेबलावर आलेला तो गोल जंत. याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. पण ती अंडी पोटात फुटत नाहीत. शौचावाटे बाहेर पडून ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरल्याशिवाय त्यांच्यात दुसऱ्याला लागण करायची ताकदच येत नाही. म्हणजे पोटातला जंत पोटात वाढतो, पण त्याची संख्या पोटात वाढत नाही. जितके जंत, तितकी अंडी त्या मुलाने बाहेरून गिळलेली असतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

गिळलेलं अंडं आतड्यात फुटतं, त्यातली अळी रक्तातून फुप्फुसात जाते (तेव्हा पोरं उगाच खोकतात), तिथून घशात येते, पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. या सगळ्या फेरीला दोन-अडीच महिने लागतात. ऑगस्टात गोळी दिलीत, आतलं सगळं साफ झालं. पण अंगणातली माती तशीच. चांगल्या ओलीत ही अंडी वर्षानुवर्षं तग धरतात. फेब्रुवारीपर्यंत नवी पलटण तयार. गोळी पोटातले जंत मारते, मातीला काही ती देता येत नाही.

आणि टीसीएलवर विसंबू नका. विहिरीत टाकतो त्या प्रमाणात क्लोरीनने कॉलराचे, विषमज्वराचे जंतू मरतात. गोल जंताच्या अंड्याचं कवच इतकं जाड असतं की त्याला काही होत नाही. टीसीएल बंद करा असं मी म्हणत नाहीये, तेवढं कृपया कुणी ओढून ताणू नका.

टवाळ कार्टं | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४१

दिवसाला दोन लाख. आणि आमच्या सोसायटीत दोन मुलांवर लोक दमतात.

लाल माती | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

सूक्ष्मदर्शी काका, दंडवत. पण सगळेच जंत तोंडावाटे जात नाहीत ना?

आमच्याकडे तळकोकणात माझी आई वर्षानुवर्षं पांढरीफटक. जिना चढली की धाप. रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला. शेवटी एका डॉक्टरांनी शौच तपासायला सांगितलं आणि आकडीचे जंत निघाले. आई आयुष्यभर अनवाणी. भातलावणी अनवाणी, पोफळीच्या बागेत शिंपणं अनवाणी, आणि पहाटे "जाऊन येणं" त्याच बागेच्या कडेला. पावसाळ्यात तिच्या पायांना जी खाज यायची तिला आम्ही चिखल्याच म्हणायचो.

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

बरोबर. आकडीचा जंत, म्हणजे पुस्तकात ज्याला अंकुशकृमी म्हणतात तो, कातडीतून शिरतो. अंडं मातीत फुटतं, अळी बाहेर पडते आणि अनवाणी पायाची वाट बघत बसते. शिरते तिथे बारीक पुरळ आणि खाज. चिखल्या बोटांच्या बेचक्यात, कातडी भिजून पांढरी पडते. ही खाज कुठेही, तळव्याच्या कडेलाही उठते. पण बागेत काम करणाऱ्या बाईला दोन्ही एकदमच असतात, त्यामुळे तुमची चूक नाही.

हा जंत आतड्याला चावून लोंबकळतो आणि रक्त पितो. यातल्या मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. ऐकायला काहीच नाही. शंभर जंत असले तर रोज तीन-चार चमचे. त्यात पाळी, बाळंतपणं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवणं. म्हणून तर गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात डॉक्टरच्या सल्ल्याने जंताची गोळी देतात. पहिल्या तीन महिन्यांत मात्र नाही.

नाडी परीक्षा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

वैद्य म्हणून दोन पैसे टाकतो. चरकाने कृमींचे वीस प्रकार सांगितलेत आणि उपचाराच्या तीन पायऱ्या: अपकर्षण म्हणजे ओढून बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना मानवणारी परिस्थिती मोडणं, आणि तिसरी, ज्या कारणाने झाले ते कारण सोडणं. सरकारी गोळी ही पहिली पायरी झाली. वावडिंग, पळसबी, कपिला ही आमची औषधंही तिथेच येतात. बाई, तुमच्या पाड्यावर तिसरी पायरी राहिलीय.

(पळसबी घरच्या घरी कुटून पोराला देऊ नका. मात्रा चुकली तर उलट्यांनी हाल होतात.)

तर्ककर्कश | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

आता कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. सरसकट सगळ्यांना गोळ्या वाटण्याचा खरंच उपयोग होतो का, यावर जगात मोठं भांडण आहे. केनियात बुसिया जिल्ह्यातल्या ७५ शाळांत प्रयोग झाला होता. २००४ साली त्याचा निबंध आला, गोळ्यांमुळे शाळेतली गैरहजेरी पावपट कमी झाली म्हणून. त्यातले एक लेखक मायकल क्रेमर, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी-डुफ्लोंबरोबर मिळालं. मग २०१५ मध्ये तीच आकडेवारी दुसऱ्यांनी तपासली आणि पंडितांची अशी जुंपली की विचारू नका.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात अंगणवाडीतल्या सुमारे दहा लाख पोरांवर अभ्यास झाला, दर सहा महिन्यांनी हीच गोळी. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूदरात म्हणण्यासारखा फरक नाही, वजनातही नाही. आणि आपण २०१५ पासून जंतनाशक दिन सुरू केला! फोटो ग्रुपवर टाकला की काम झालं.

खडूवाली | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

तर्ककर्कश, तुमचा अभ्यास दांडगा असेल, पण तुम्ही पुण्यात बसून "वजनात फरक नाही" म्हणताय. माझ्या टेबलावर जो जंत आला तो त्या पोरीच्या पोटात होता. तो बाहेर पडला हे चांगलं की वाईट?

तर्ककर्कश | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:५५

चांगलंच. मी नाशकात बसलोय, पण ठीक आहे. माझं म्हणणं एवढंच, की गोळी स्वस्त आहे म्हणून आपण ती देतो आणि नळ महाग आहे म्हणून तो राहतो.

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

दोघंही बरोबर आहात. ज्या भागात जंत थोडे, तिथे शंभर पोरांना गोळी देऊन सरासरी काढली तर फरक दिसणार नाही, कारण पोटभर जंत असलेली पोरं त्यात मूठभर. पण त्या मूठभरांचं काय होतं ते मी पाहिलंय. जंतांचा गोळा होऊन आतडं तुंबलेलं पोर रात्री दोन वाजता पुढे जिल्ह्याला पाठवावं लागलं होतं. त्याचा बाप जीप मिळेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन आवारात फेऱ्या मारत होता. ते पोर वाचलं.

ताकभात | १३ फेब्रुवारी, रात्री ८:००

मधेच विचारते. कोबीतली अळी मेंदूत जाते म्हणून आमच्या व्हॉट्सॅपवर वर्षातून चार वेळा येतं. मी पाच वर्षं कोबी आणलेला नाही.

पणजीकर | १३ फेब्रुवारी, रात्री ८:३५

कोबीवर दिसते ती फुलपाखराची नाहीतर पतंगाची अळी. ती खाल्लीत तर फक्त तुमचा शाकाहार मोडेल. मेंदूत जाते ती डुकराच्या पट्टकृमीची अळी, आणि तिची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लेल्या माणसाच्या पोटात पट्टकृमी. त्याच्या विष्ठेतली अंडी नाल्याच्या पाण्यातून भाजीवर. भाजी कच्ची खाणाऱ्याच्या मेंदूत गाठी आणि फिट्स. म्हणून कधी डुक्कर न खाल्लेल्या माणसालाही हे होतं. आमच्या गोव्यात जुन्या घरांच्या संडासाखाली डुकरं असत, ही गंमत म्हणून पर्यटकांना सांगतात. या जंतासाठी ती मेजवानीच होती.

कोबी आणा. नळाखाली पानं सुटी करून धुवा आणि शिजवा.

टवाळ कार्टं | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

आता पाणीपुरीच्या गाडीवरच्या पुदिन्याबद्दल कुणी बोललं तर मी आयडी बंद करीन.

ओहायोची वहिनी | १४ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

हे फक्त गावाकडचं दुखणं आहे असं समजू नका. माझ्या लेकाला इथल्या किंडरगार्टनमध्ये लागलं. रात्री शी-च्या जागी खाज, झोप नाही. टॉर्च लावून बघितलं तर पांढरे दोऱ्याच्या तुकड्यांसारखे. डॉक्टर म्हणाली, इथे सगळ्यात जास्त दिसणारा जंत हाच. सगळ्या घराने गोळी घेतली, दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली, चादरी गरम पाण्यात. सासूबाईंनी फोनवर निदान केलं: "भारतातून लाडू पाठवले त्याने झालं."

सूक्ष्मदर्शी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

ते सुतकृमी, वहिनी. त्यांना मातीची गरज नाही. मादी रात्री बाहेर येऊन तिथेच अंडी घालते, पोर खाजवतं, नखात अंडी, बोट तोंडात. काही तासांत अंडी तयार. लाडू निर्दोष आहेत.

बाभळबन | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

मूळ धाग्याला सोडून आहे, पण लिहितो. आमच्या मराठवाड्यात नारू होता. आतड्यातला नव्हे, पायातून निघणारा. आजोबांच्या पोटरीला फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढरा दोरा. रोज काडीला गुंडाळून बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून म्हातारा महिनाभर खाटेवर. एकदा ऐन पेरणीत असं झालं आणि रान पडीक राहिलं.

नारूला औषध नव्हतं, लसही नव्हती, आजही नाही. तरी गेला. पायविहिरीत लोक उतरायचे, पायाच्या जखमेतून अळ्या पाण्यात, पाण्यातले बारीक किडे त्या खायचे, आणि तेच पाणी आम्ही प्यायचो. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप आले, आई घागरीवर दुहेरी फडकं बांधू लागली. देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात १९९६ साली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एकाही गोळीशिवाय.

नाडी परीक्षा | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

सोडून कुठे? हीच तर तिसरी पायरी.

टमरेलमुक्त | १४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, निवृत्त आहे, म्हणून आता बोलता येतं. संत गाडगेबाबा अभियानापासून गुड मॉर्निंग पथकापर्यंत सगळं केलंय. पहाटे साडेचारला शिट्ट्या वाजवत लोकांच्या मागे धावलोय. एकदा धावता धावता सासऱ्यांच्याच समोर उभा राहिलो. असो.

शौचालय बांधलं म्हणजे वापरलं असं नाही. कितीतरी ठिकाणी आत गोवऱ्या, सरपण, एका घरात तर कोंबड्या खुडूक बसवलेल्या. लोक मूर्ख नाहीत. पाणी अर्धा मैलावरून डोक्यावर आणायचं आणि बादलीभर संडासात ओतायचं, हे कोणती बाई करील? जिथे दोन शोषखड्ड्यांचं शौचालय नीट बांधलं तिथे ते चालतं: एक भरला की बंद करून दुसरा, दीड-दोन वर्षांनी पहिल्यातलं खत कोरडं, बिनवासाचं. पण लोकांना हवी मोठी सेप्टिक टाकी, आणि तिचा पाइप उघड्या गटारात. तेच पाणी खालच्या आळीच्या भाजीला.

पण बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वेगळीकडेच वाटतं. मोठी माणसं निदान लांब तरी जातात. लहान पोरं कुठे बसतात ते बघा. आपल्याकडे लेकराची शी घाण मानतच नाहीत. "दूधपित्याची काय घाण?" परसात बसवायचं, वर राख-माती लोटायची, नाहीतर उकिरड्यावर फेकायची. कोंबड्या ते उकरतात. तिथेच दुसरी पोरं भोवरे खेळतात. आणि जंत सगळ्यात जास्त असतात ते पोरांच्याच पोटात.

लाल माती | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलीला मेमध्ये आजोळी आम्ही असंच बसवायचो. माडाच्या आळ्यात. "खत होईल" म्हणून हसायचो.

आज्जी ऑनलाइन | १४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

टमरेलमुक्त, खरं बोललात. मी तीन लेकरं अशीच वाढवली. आणि मग कारलं किसत बसले.

खडूवाली | २ मार्च, सायंकाळी ७:४५

उशीर झाला, पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

टमरेलमुक्त दादा, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी त्या मुलीच्या घरी गेले. तिला दोन वर्षांचा भाऊ आहे. परसात, शेवग्याखाली त्याची बसायची जागा, तिथेच ही चिंचोके खेळते. आईला बिस्किटाच्या कागदातल्या जंताची आठवण दिली आणि सूक्ष्मदर्शी काकांचं दोन-तीन आठवडे मातीत मुरण्याचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ शेवग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे आमचंच आम्हाला परत." त्यांचं शौचालय वापरात आहे, फक्त लेकराची शी त्यात टाकायची कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आता टाकते. धाकट्याला अंगणवाडीत गोळी चुकली होती, आशाताईंनी वयाप्रमाणे दिली, चुरून पाण्यातून.

मग मान खाली घालून शाळेकडे बघितलं. आमच्या शाळेला शौचालय आहे. कुलूपबंद. किल्ली माझ्याच कपाटात, कारण पाणी नाही म्हणून घाण होईल. आणि पोरं जात होती कुठे? कुंपणामागे. अनवाणी. मी रोज बघत होते.

सध्या एवढं केलंय: कुलूप काढलं. दोनशे लिटरचं पिंप मिळवलं, त्याला खाली तोट्या बसवल्या, चौथीची मुलं आळीपाळीने हातपंपावरून भरतात. खिचडीआधी रांगेत हात धुणं. दर सोमवारी नखं. चपलांचं अजून काही जमलेलं नाही. ज्यांच्याकडे आहेत ते त्या बाजाराच्या दिवसासाठी जपून ठेवतात.

आणि साबण टिकत नाही. आठवड्यात तीन वड्या गायब. पोरांवर ओरडून झालं, सगळे शपथा घेतात.

तर्ककर्कश | २ मार्च, रात्री ८:१०

किल्लीचं लिहायला धाडस लागतं. तोट्या बघायला मिळाल्या तर आनंद होईल, फोटो टाका. यावेळी फोटोला माझी हरकत नाही.

आज्जी ऑनलाइन | २ मार्च, रात्री ८:२५

अगं, पोरांना कशाला ओरडतेस? साबण कावळे नेतात! आमच्या मोरीवरून किती वड्या गेल्या. जुन्या मोज्यात घाल, गाठ मार आणि तोटीला बांधून टाक. मोज्यासकट चोळता येतो.

खडूवाली | ५ मार्च, सायंकाळी ७:१०

आज्जी, सापडला! कावळाच, शाळेमागच्या सादड्याच्या झाडावर बसून टोचत होता, निम्मी वडी संपवलेली. पोरांची माफी मागितली. मोजे माझ्या मिस्टरांचे, एक पायाचा पहिली-दुसरीला, दुसरा तिसरी-चौथीला.